मकरपुऱ्याचा गारवा : राजवाड्यापासून आमच्या दप्तरखोलीपर्यंत

या खेपेला मंडळाच्या बैठकीत वाचायचा निबंध माझ्याकडे होता आणि विषय ठरला होता 'मकरपुरा'. राजवाड्याची टिपणं काढून मी तयारही होतो. पण गेल्या भाद्रपदात दप्तरखोलीतलं तिसरं कपाट उघडलं आणि निबंधाचं तोंड दुसरीकडेच वळलं. खालच्या खणात मोडी कागदांचे चार रुमाल होते. त्यांतल्या दोहोंवर करड्या-हिरव्या बुरशीची साय धरली होती, आणि एका रुमालातले बंद एकमेकांना चिकटून त्यांची अक्षरशः पोळी झाली होती.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. हे कागद बडोद्यातल्या एका जुन्या मराठी घराण्याच्या खासगी खर्चाचे. घरच्यांनी विश्वासाने आमच्या हवाली केलेले. पूर्वी ते शहरात, तळमजल्यावर होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री फुगली, अर्ध्या शहरात पाणी शिरलं, रस्त्यांवर मगरी दिसल्या. आमच्या उंबऱ्याला पाणी लागून परत गेलं. कागद वाचले, पण सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की आता वरचा मजला. मकरपुऱ्याच्या बाजूला एका सदस्याने दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली. थेट गच्चीखालची. पुरातून सुटलो आणि उन्हात सापडलो. म्हणून एसी घ्यायचं ठरलं, आणि मी जन्मभर कारखान्यात काढलेला माणूस म्हणून तो निवडायचं काम माझ्यावर आलं.

ती निवड चुकली. कशी चुकली, हे सांगण्यासाठी मला आधी मकरपुऱ्यात लोकांनी गारवा कसकसा मिळवला ते सांगावं लागेल. उत्तर तिथेच होतं, मी बघितलं नाही एवढंच.

सुरुवात अर्थातच राजवाड्यापासून. मकरपुऱ्याचा राजवाडा १८७० साली खंडेराव महाराजांनी बांधला, उन्हाळ्यात राहण्यासाठी आणि शिकारीसाठी. खंडेरावांना शिकारीचा नाद भारी, आणि शहराच्या दक्षिणेला तेव्हा रान होतं. बांधणारा मात्र त्या वास्तूत फारसा राहिला नाही, कारण त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराज वारले. पुढे मल्हाररावांची वादळी पाच वर्षं गेली, १८७५ साली कवळाण्याहून आणलेला मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला, आणि त्यांच्या काळात रॉबर्ट चिझम यांनी या राजवाड्याचा विस्तार केला. हे तेच चिझम, ज्यांनी मेजर मँट १८८१ साली वारल्यावर लक्ष्मीविलासचं काम पूर्ण केलं. बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग यांची. आज सगळं हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत टेट्रा स्कूल नावाने ओळखली जाणारी प्रशिक्षणाची शाळा चालते, त्यामुळे आपल्यासारख्यांना लांबून आणि फोटोंतूनच बघायचं.

फोटो बघताना बहुतेक जण इटालियन थाटाच्या कमानींवर थांबतात. मी तुम्हाला त्या कमानींच्या मागे बघायला सांगेन. कमानींच्या मागे व्हरांडा, व्हरांड्याच्या मागे भिंत, भिंतीच्या मागे खोली. ऊन व्हरांड्याच्या फरशीपर्यंत येतं आणि तिथेच संपतं. राहत्या खोलीच्या भिंतीला ते शिवतच नाही. विटांच्या जाड भिंतीला दिवसभराची ऊब आत पोचवायला बरेच तास लागतात. ती आत येईतो रात्र झालेली असते, दारं-खिडक्या उघडल्या की बाहेर निघून जाते. भोवती झाडी आणि पाणी असेल तर येणारा वारा आणखी जरा निवलेला. या सगळ्यात यंत्र कुठेच नाही. कामाची विभागणी मात्र नेमकी आहे: आधी ऊन बाहेर अडवायचं, मग उरलेल्या उष्म्याचं बघायचं.

शहरातल्या वाड्यांचंही असंच होतं. दांडिया बाजारात माझ्या आजोळी माजघर दुपारी इतकं काळोखं असायचं की बाहेरून आलेल्याला क्षणभर काही दिसायचं नाही. त्या काळोखात आजी आम्हाला निजवायची. माठात वाळ्याची जुडी, खिडकीला ओलं गोणपाट, आणि चार वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही असा दंडक. आम्हाला तो जाच वाटायचा.

वाळ्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या आणि त्यांवर पाणी मारत राहायचं, ही सोय राजवाड्यापासून कलेक्टरच्या बंगल्यापर्यंत सगळीकडे होती. साहेब लोकांनी त्यात यंत्रही घातलं: थर्मँटिडोट नावाची एक लाकडी पेटी, आत हाताने फिरवायचा पंखा, बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या. म्हणजे आपला आजचा कूलरच. विजेच्या मोटारीच्या जागी माणूस होता, आणि त्या माणसाला गारवा मिळत नसे. चिकटलेल्या त्या रुमालात चैत्र-वैशाखाच्या खर्चात वाळ्याची खरेदी नोंदलेली मी स्वतः वाचली होती. पुढच्या रविवारी नीट उतरवून घेऊ म्हणून ठेवून दिली. ते उतरवणं राहिलं.

आता कूलरचं गणित. मे महिन्यात बडोद्यात दुपारी पारा ४२ वर आणि हवेत आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते असं धरा. अशा हवेत पाणी भराभर सुकतं आणि सुकताना उष्णता ओढून घेतं. पाण्याने हवा जास्तीत जास्त जेवढी निवू शकते ती मर्यादा तेव्हा २४ अंशांच्या जवळपास असते. चांगला कूलर खोलीत २७-२८ची हवा सोडू शकतो. १४-१५ अंशांचा फरक, तोही पंख्याच्या खर्चात! पण तोच कूलर ऑगस्टात लावा. बाहेर ३१, आर्द्रता ऐंशी टक्के. पाणी सुकायला हवेत जागाच नाही. दोन-तीन अंश उतरतात, आणि खोलीत येते ती जवळजवळ पाण्याने भरलेली हवा. तेव्हा 'कूलर घेऊ की एसी' या प्रश्नाचं बडोद्यापुरतं उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. ज्यांचं घर मे महिन्यातच तापतं आणि ज्यांच्या दोन खिडक्या समोरासमोर आहेत, त्यांनी आधी कूलरचाच विचार करावा, असं माझं अजूनही मत आहे. लोक हसतात. हसू देत.

राजवाड्याकडे परत येऊ, कारण तिथे एक कोडं आहे. एवढा खर्च करून वाढवलेल्या या उन्हाळी महालात सयाजीराव महाराज उन्हाळ्यात फारसे रमले नाहीत. ते निलगिरीच्या थंड हवेत जात, परदेशी जात. प्रकृतीच्या तक्रारी होत्याच, १८८७ साली ते पहिल्यांदा युरोपला गेले तेही त्याच कारणाने. पण वास्तूच्या बाजूने माझा एक तर्क आहे. जाड भिंत आणि व्हरांडा हा हिशेब रात्रीच्या भरवशावर चालतो. भिंतीने दिवसा घेतलेली ऊब रात्रीच्या गार हवेला परत द्यायची असते. मार्च-एप्रिलात रात्र गार असते, हिशेब जुळतो. मे संपून जून लागला की बडोद्याची रात्रही २७-२८च्या खाली उतरत नाही, आणि हवा ओली होऊ लागते. मग भिंतीने घेतलेलं द्यायचं कुणाला? शहरापासून काही मैल दक्षिणेला गेल्याने ऊन, झाडी, गर्दी बदलते. हवामान बदलत नाही. राजाला तेव्हा एकच इलाज होता: जिथली हवा मुळातच गार आहे तिथे जाणं. प्रजेला तोही नव्हता.

गारवा एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येतो, ही गोष्ट मकरपुऱ्याजवळून आगगाडीने गेली. मुंबई-बडोद्याचा लोहमार्ग मकरपुरा स्टेशनावरून जातो. १९२८ साली बीबीसीआय रेल्वेने मुंबई ते पेशावर अशी फ्रंटियर मेल सुरू केली आणि १९३४ साली तिला वातानुकूलित डबा जोडला, आपल्या देशातल्या अगदी पहिल्या अशा डब्यांपैकी एक. त्यात आजच्यासारखं यंत्र नव्हतं. डब्याच्या तळाशी पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरायच्या, त्यांवरून पंख्याने हवा आत सोडायची, आणि वाटेतल्या ठराविक स्टेशनांवर वितळलेला बर्फ पुन्हा भरायचा. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत कुलाब्याला रीगल टॉकीज उघडलं होतं, तेही वातानुकूलित. मुंबईत गार हवेत सिनेमा बघून रात्री गार डब्यात बसणारा एखादा प्रवासी मकरपुऱ्यावरून झोपेत पुढे गेला असेल, आणि इकडे गावात लोक अंगणात बाजा टाकून वाऱ्याची वाट बघत असतील.

बर्फाचा विषय निघाला आहे तर 'टन' या शब्दाचाही उलगडा करू. कारण आपण सगळे एसी टनावर घेतो आणि दहांतले नऊ जण त्याला यंत्राचं वजन किंवा नुसती ताकद समजतात. हा बर्फाचा टन आहे. यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाईक बर्फ विकत घेणारं होतं. त्याला समजेल असं माप हवं होतं. एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड किंवा ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता ओढणारं यंत्र एक टनाचं. तासाला १२,००० बीटीयू, आजच्या मापात साधारण साडेतीन किलोवॅट. तुमच्या बेडरूममधला दीड टनाचा एसी पूर्ण वेगाने दिवसभर चालला तर तो १,३६० किलो बर्फाचं काम करतो. लाद्या वाहून आणायच्या तर टेम्पो लागेल.

पण टन फक्त उष्णता मोजतो. ओलावा किती जाईल हे तो सांगत नाही. आणि इथे मला ती गोष्ट सांगितली पाहिजे जी मला कित्येक वर्षं माहीत होती, मी ती तरुण इन्स्पेक्टरांना चहा पिता पिता सांगायचोही, आणि ऐन वेळी विसरलो. एसीचा जन्म माणसासाठी झालाच नाही. तो कागदासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. रंगीत छपाईत एकच कागद यंत्राखालून अनेकदा जातो, प्रत्येक रंगाला एकदा. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत कागद ओलावा पिऊन फुगे, कोरड्या दिवशी आकसे, आणि रंगावर रंग बसेना. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने यावर उपाय म्हणून थंड नळ्यांवरून हवा नेली. थंड गोष्टीवर हवेतलं पाणी धरतं, बर्फाच्या पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसं. हवा कोरडी झाली, कागद स्थिर झाला. गारवा सोबत आला. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही चार वर्षांनी, १९०६ साली, कापडगिरण्यांचं काम करणाऱ्या स्टुअर्ट क्रेमर यांनी काढला, आणि त्यांना तर उलट हवा ओली ठेवायची होती, सूत तुटू नये म्हणून. दोघांपैकी कुणालाही बसून पेपर वाचणाऱ्या माणसाची काळजी नव्हती.

मकरपुऱ्यातही एसी आधी वस्तूंसाठी आला. निदान मी पाहिलेला तरी. गुजरात औद्योगिक विकास महामंडळ, आपण सगळे नुसतं जीआयडीसी म्हणतो ते, १९६२चं. राजवाड्याच्या परिसरापलीकडे मकरपुऱ्यात जी वसाहत उभी राहिली तिच्या एका शेडमध्ये मी तीस वर्षं मोजमाप तपासण्याचं काम केलं. पत्र्याचं छप्पर, खाली लेथ आणि ग्राइंडिंग मशिनं, मे महिन्यात शेडमध्ये चाळीसच्या वर. पण एका कोपऱ्यात काचेची छोटी खोली, तिला खिडकीचा एसी, आणि आत गेज ब्लॉक, मायक्रोमीटर, डायल. मालकांच्या केबिनला एसी नंतर लागला, आधी गेजना.

कारण असं. लांबीचं माप जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात. १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीने ते ठरवून टाकलं. पोलादाचा एक मीटर लांबीचा दांडा एका अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतो. २०० मिलिमीटरचा शाफ्ट ३८ अंशांच्या शेडमधून आणून थंड खोलीतल्या गेजवर तसाच मोजला, तर तो खरा आहे त्यापेक्षा चार शतांश मिलिमीटर मोठा दिसतो. चार शतांशात माल नापास होतो. म्हणून तुकडा आधी त्या खोलीत तासन् तास निजवून ठेवायचा, आणि मग मोजायचा. सुरुवातीला आमचा तिथला एसी खोलीच्या मानाने मोठा होता. पाच मिनिटं जोरात चालायचा, थांबायचा, खोली दोन अंश चढायची, परत जोर. काटा सारखा वर-खाली. मग लहान यंत्र लावलं, ते संथपणे जवळजवळ सारखं चालत राहिलं, आणि आकडे स्थिर झाले. धंद्यासाठी एसी घेणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की खोलीत काय आहे: माणसं, सर्व्हर, औषधं, गेज, की कापडाचे तागे? प्रत्येकाची गरज वेगळी, आणि चौरस फूट त्यातलं काहीच सांगत नाहीत.

एवढं ज्ञान असलेला माणूस गेल्या एप्रिलमध्ये दुकानात गेला.

खोली १२ बाय १८, म्हणजे २१६ चौरस फूट. वर उघडी गच्ची, पश्चिमेला पूर्ण भिंत. दुकानदाराने कागदावर काही न मांडता सांगितलं, "साहेब, बे टनज लई लो, पछी जोवानुंज नहीं." आणि मला ते पटलं! उकाडा एवढा होता की 'जास्त ते चांगलं' हेच खरं वाटलं. दोन टनाचा, एकाच वेगाने चालणारा स्प्लिट आम्ही घेतला. मे महिन्यात त्याने उत्तम काम केलं, हे कबूल करायला हवं. स्लॅब इतकी तापायची की तेवढी ताकद खरंच खर्ची पडत होती. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

पाऊस सुरू झाला आणि चित्र पालटलं. ढगाळ दिवसांत स्लॅब तापेना. यंत्र सुरू झालं की चार-पाच मिनिटांत खोली हव्या त्या अंशावर, थर्मोस्टॅट तुटला, कॉम्प्रेसर बंद. आतली थंड जाळी ओली व्हायला आणि त्यावरचं पाणी निथळून नळीवाटे बाहेर पडायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा चालूच, त्यामुळे जाळीवरचं पाणी पुन्हा खोलीतल्या हवेत. गार, पण ओली खोली. तळघरासारखी. आम्ही त्यावर आणखी कडी केली: गार वाटेना म्हणून आकडा १८ वर नेला, आणि संध्याकाळी सहाला निघताना एसी बंद करून खिडक्या उघडायचो, कोंदट वास जावा म्हणून. बाहेरची पावसाळी हवा आत येऊन दिवसभर गार झालेल्या लोखंडी कपाटांवर घाम धरायची. ते कपाट रोज संध्याकाळी भिजत होतं, आणि आम्ही हवा खेळती ठेवल्याच्या समाधानात घरी जात होतो.

भाद्रपदात रुमाल उघडल्यावर मी पहिल्यांदा आर्द्रतामापक आणला. साध्या घड्याळाएवढं, फार महाग नसतं. काटा ७८ वर. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवतात आणि पासष्टच्या वर बुरशी हात-पाय पसरते. मग नळीखाली बादली ठेवली. बाहेर धो-धो पाऊस, चोवीस तासांत बादलीचा तळही धड भरला नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, हे आम्ही इतकं मन लावून केलं होतं.

दुरुस्तीची सुरुवात यंत्रापासून केली नाही. ती राजवाड्याच्या क्रमाने केली. आधी गच्ची: चायना मोझॅक टाकलं आणि पांढरा रंग दिला. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून बांबूच्या चिकांचा आडोसा केला, जरा अंतर सोडून, म्हणजे गरिबाचा व्हरांडाच. गेल्या ऑक्टोबरच्या उन्हात हात लावून बघितलं. आधी आतून कढत लागणारी भिंत आता नुसती कोमट असते. मग खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीने बुजवल्या, कारण दप्तरखोलीत येणारा बहुतेक ओलावा फटींतून येतो. एवढं झाल्यावर पुन्हा हिशेब केला तेव्हा एक टन पुरेल असं दिसलं. एक टनाचा इन्व्हर्टर घेतला. तो थांबत नाही, हळू होतो. पण हळू चालताना त्याची जाळीही कमी गार असते, म्हणून पावसाळ्यात तो एकटा पुरा पडेल असं समजू नये; ओलावा ओढायला वेगळा डिह्युमिडिफायर ठेवला, त्याच्या टाकीतलं पाणी रोज मोजून वहीत लिहितो. एसी आता २५ वर असतो आणि रात्रंदिवस चालू. माणसाला २५ थोडं जास्त वाटेल, पण तिथे माणूस पाहुणा आहे. जुना दोन टनाचा एसी एका सदस्याच्या दुकानात गेला. तिथे दार दिवसभर उघडं असतं आणि तो सुखात आहे.

ताऱ्यांबद्दल लोक विचारतात, म्हणून एक बारीक गोष्ट. ऊर्जा दक्षता ब्युरोचं लेबल २०१० पासून खोलीच्या एसीला सक्तीचं आहे, आणि पाच तारे म्हणजे तेवढ्याच थंडाव्याला वीज कमी. ते बघावंच. पण लेबलावर वर्षाला इतकी युनिट असं जे छापलेलं असतं ते वर्षात १,६०० तास वापर धरून. वर्षाचे तास ८,७६०. आमची खोली अहोरात्र चालते, तेव्हा छापील आकड्यावर विसंबून मंडळाचं बजेट केलं असतं तर खजिनदारांनी मलाच कपाटात बंद केलं असतं. घरी रात्रीपुरता, चार महिने एसी लावणाऱ्यांना तो आकडा बराच जवळचा आहे. आणि कोणताही तारा हे सांगत नाही की यंत्र तुमच्या खोलीला मोठं होतंय का.

बुरशीच्या कागदांचं काय झालं? दोन रुमाल वेगळे काढून, कोरड्या हवेत हळूहळू सुकवून, मऊ ब्रशने साफ केले. मास्क लावून, घराबाहेर. डाग राहिले, अक्षर वाचतं. तिसरा, ज्याची पोळी झाली होती, त्यातले वरचे अकरा बंद सुटले. वाळ्याची नोंद त्यांत नाही. ती खाली कुठेतरी आहे. जोर लावून सोडवू नये, जाणकाराच्या हाताची वाट बघावी, असं ठरलं आहे. ज्या घराण्याचे कागद त्यांच्या सूनबाईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "काका, आमच्या माळ्यावर असते तर उंदरांनी कधीच खाल्ले असते. राहू देत तुमच्याकडेच." मी पाणी पिऊन निघालो. चहा घ्यायचा धीर झाला नाही.

हा निबंध लिहीत असताना वहीतली नोंद अशी आहे: तापमान २५, आर्द्रता ५२. सुटलेल्या अकरा बंदांचं लिप्यंतर सुरू केलं आहे आणि मोडी वाचणारे हात कमी आहेत. ज्यांना येणं जमेल त्यांनी रविवारी दहानंतर यावं. पाण्याच्या बाटल्या आणि ओल्या छत्र्या बाहेर ठेवाव्यात, आणि कितीही कोंदट वाटलं तरी कृपा करून खिडकी उघडू नये.